काडेपेटीची किंमत कोणी मोजली?

कामगाराच्या जिवावर उठलेले एखादे द्रव्य कारखान्यातून हद्दपार करावे अशी मागणी झाली की तीन आक्षेप ठरल्याप्रमाणे पुढे येतात. पर्याय उपलब्ध नाही, माल महागेल आणि परदेशी स्पर्धेत धंदा बुडेल. या आक्षेपांत तथ्य किती, हे जाणण्यासाठी काडेपेटीच्या धंद्याचा इतिहास पाहावा.

एकोणिसाव्या शतकात कोठेही घासली तरी पेटणारी काडी पांढऱ्या फॉस्फरसपासून बनत असे. त्याची वाफ किडलेल्या दातांवाटे जबड्यात शिरे आणि हाड सडू लागे. दुर्गंधीमुळे घरची माणसेही जवळ बसेनाशी होत. कित्येकांचा जबडा कापावा लागे. काही त्यातच दगावत. १८४० च्या दशकातच व्हिएन्नात या रोगाची नोंद झाली होती. बिनविषारी तांबडा फॉस्फरसही त्याच दशकातला. म्हणजे रोग आणि पर्याय जवळपास एकदमच कळले होते. फिनलंडने १८७२ साली व डेन्मार्कने १८७४ साली बंदी घातलीही. बड्या औद्योगिक देशांना मात्र आणखी कित्येक वर्षे लागली. पांढरा फॉस्फरस स्वस्त पडे, आणि सडलेल्या जबड्याचा खर्च कारखान्याच्या हिशेबवहीत कोठेच मांडावा लागत नव्हता.

१८८८ साली लंडनमधील ब्रायंट अँड मे कारखान्यातील सुमारे १४०० कामगारांनी संप केला. त्यांत बहुसंख्य मुली व स्त्रिया होत्या. पुढे भारतीय राजकारणात वावरलेल्या ॲनी बेझंट यांनी त्यांची बाजू छापली होती. वेतनातून कापले जाणारे दंड रद्द झाले, जेवायला वेगळी खोली मिळाली. फॉस्फरस मात्र हटला नाही. रोगी लपवल्याबद्दल त्याच कंपनीला १८९८ साली न्यायालयाने दंड केला, तोही किरकोळ.

फ्रान्समध्ये काडेपेटी ही सरकारी मक्तेदारी होती. तेथील कामगारांनी १८९० च्या दशकात संप केले, आणि आजाऱ्यांच्या भरपाईचा बोजा थेट सरकारी तिजोरीवर पडू लागला. मग १८९८ साली सरकारी कारखान्यांतीलच सेव्हेन व काहेन या अभियंत्यांनी फॉस्फरस सेस्क्विसल्फाइडची, कोठेही घासून पेटणारी पण बिनविषारी काडी तयार केली. हा योगायोग मानण्याचे कारण नाही. भरपाई ज्याच्या खिशातून जाते, त्याला पर्याय लवकर सापडतो.

स्पर्धेच्या आक्षेपाला १९०६ च्या बर्न करारात उत्तर मिळाले. सात राष्ट्रांनी एकदम बंदी मान्य केली, तेव्हा कोणी कोणाच्या मागे पडण्याचा प्रश्नच उरला नाही. प्रारंभी अलिप्त राहिलेल्या ब्रिटनने १९०८ साली कायदा केला. अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने शंभर काड्यांवर दोन सेंट कर बसवून विषारी काडीचा धंदाच परवडेनासा केला. भारतात बंदीचा कायदा १९१३ साली झाला. येथे तेव्हा काडेपेट्या मुख्यतः परदेशातून येत, त्यामुळे अडवायला स्थानिक भांडवलदार नव्हता.

ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत तो आहे. या खनिज तंतूवर युरोपीय संघाने २००५ साली बंदी घातली; वापरात उरलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर अमेरिकेने २०२४ साली बंदी जाहीर केली. भारत सरकारने १९८६ साली नवे खाणपट्टे देणे थांबवले, पण आयात चालूच ठेवली. जमिनीतून काढायचा नाही, बोटीतून मात्र उतरवायचा, हे कोणते आरोग्यधोरण? सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या वा जुनी जहाजे तोडणाऱ्या कामगाराला त्यापासून होणारा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतो. तोवर नोकरी संपलेली असते, ठेकेदार नाहीसा झालेला असतो. हे ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अशा कामगारांच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षे, किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर ठेवण्याचा आदेश दिला.

म्हणून संपूर्ण बंदीची तारीख सरकारने आताच जाहीर करावी, आणि ती येईपर्यंत आयातीवर जबर कर बसवून त्यातून कामगारांची तपासणी व भरपाई करावी. न्यायालयाने सांगितलेल्या त्या नोंदी आपल्या जिल्ह्यात कोणत्या कारखान्याने ठेवल्या आहेत, हे कार्यकर्त्यांनी कारखाना निरीक्षकाच्या कचेरीत जाऊन लेखी विचारावे.