उरलेलं पान कुणाचं?

बालमित्रांनो,

मागच्या आठवड्यात आमच्या वर्गात मोठा वाद झाला. खो-खोच्या संघाची यादी चालली होती आणि जागा उरली होती एकच. दोघी मुली खेळात अगदी बरोबरीच्या. एकजण म्हणाली, "बाई, जिचा अभ्यास नियमित, तिला घ्या." लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "खेळाचा आणि अभ्यासाचा काय संबंध?"

मी म्हटलं, "थांबा, आधी एक गोष्ट ऐका." तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगते.

अमेरिकेत विद्यापीठांच्या संघांचा फुटबॉल फार लोकप्रिय आहे. हा फुटबॉल आपला नव्हे बरं का! त्यांचा चेंडू लांबट असतो, आणि तो हातात घेऊन पळतात. तिथली विद्यापीठं गटागटांनी खेळतात. या गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात. मोसम संपला की डिसेंबर-जानेवारीत खास सामने होतात. त्यांचं नाव 'बोल'. बोल म्हणजे वाडगा!

खेळाला वाडग्याचं नाव कसं पडलं? कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावी नववर्षाला गुलाबांचा उत्सव असतो. तिथे १९०२ साली असा पहिला सामना झाला. मिशिगनने स्टॅनफर्डचा ४९-० असा फडशा पाडला! पुढे १९२२ मध्ये तिथे वाडग्याच्या आकाराचं मैदान बांधलं. ते झालं 'रोझ बोल'. मग इतर गावांनीही आपापले 'बोल' सुरू केले. आता त्यांची संख्या चाळिसाच्या आसपास आहे.

आता खरी गंमत. या सामन्यांत कोणी खेळायचं, हे कसं ठरतं? लग्नाची पंगत आठवा. अमक्या ओळीत वरपक्ष, तमक्या ओळीत वधूपक्ष, असं आधीच ठरलेलं असतं ना? तसंच इथे. प्रत्येक बोलचे आयोजक एखाद्या कॉन्फरन्सशी आधीच करार करतात : 'आमच्या सामन्यात तुमचा एक संघ.' १९४७ पासून कित्येक वर्षं रोझ बोलमध्ये 'बिग टेन' या गटाचा संघ आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या गटाचा संघ यांचीच गाठ पडत असे.

सर्वांत बलवान संघांची अजिंक्यपदाची स्पर्धा वेगळी. २०२४ च्या मोसमापासून तिच्यात बारा संघ असतात. ते बाजूला काढले की उरलेल्यांची वाटणी होते. पण पुढचं पान नेहमी जास्त सामने जिंकणाऱ्यालाच मिळतं असं नाही हं! कुणाचे प्रेक्षक लांबून येतील, कुणामुळे तिकिटं खपतील, मागच्या वर्षी इथे कोण येऊन गेलं, हेही पाहतात. त्यामुळे कधी कधी चांगला संघ मागे राहतो आणि त्याचे चाहते रुसतात.

एक अट मात्र सर्वांना असते. बारापैकी निदान सहा सामने जिंकायचे. एखाद्या गटाकडे तेवढे पात्र संघ नसले, तर त्याची रिकामी जागा दुसऱ्या गटातल्या शिल्लक संघाला मिळते.

पण शिल्लक संघही संपले तर? २०१५ मध्ये तसंच झालं. जागा होत्या ८० आणि पात्र संघ ७७. तीन पानं रिकामी! मग पाच सामने जिंकलेल्या संघांकडे पाहिलं गेलं. त्यांतून निवड कशावर केली असेल? अभ्यासावर! तिथे प्रत्येक संघाच्या अभ्यासाचा हिशेब ठेवतात. शिष्यवृत्ती घेणाऱ्या खेळाडूला दर सत्रात दोन गुण मिळू शकतात. नियमाइतका अभ्यास राखला की एक, आणि शिक्षण न सोडता टिकून राहिला की दुसरा. चार वर्षांच्या या गुणांवरून संघाला हजारपैकी आकडा मिळतो.

त्या आकड्यावर नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट या संघांना जागा मिळाली. लोक म्हणाले, हरणाऱ्यांना कशाला बोलावता? आणि झालं काय? तिघांनीही आपापला सामना जिंकला!

गोष्ट संपल्यावर वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरचा तोच मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे पहिला नंबर नाही बघत. सोडून न देणं बघतात." किती नेमकं बोलला! मी गुणपत्रकं बाजूला ठेवली आणि सरावाची हजेरीवही उघडली. एका मुलीचा वर्षभरात एकही खाडा नव्हता. जागा तिला मिळाली. दुसरी थोडी रडली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला सगळ्यांच्या आधी हजर!

मुलांनो, मी बरोबर केलं का? आज जेवताना आई-बाबांशी यावर बोला, आणि तुमचं मत मला जरूर कळवा.

तुमच्या,
बाई