रिमोटची मोटार घेताना

दिवाळी जवळ आली किंवा परगावचे मामा मुक्कामास आले, म्हणजे आपल्या बेळगावच्या खडे बाजारातील खेळण्यांच्या दुकानांत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. दुकानदार रंगीत खोका उघडून रिमोटची मोटार बाहेर काढतो, तिच्यात सेल बसवितो आणि रिमोट वडिलांच्या हाती देतो. वडील फळीवरून गाडी पळवितात, मामा तिला गिरक्या घ्यावयास लावतात, दोघेही प्रसन्न होतात आणि खरेदी उरकते. ज्याच्यासाठी खेळणे घ्यावयाचे तो पाच-सहा वर्षांचा जीव दोघांच्या मधून मान वर काढून पाहत असतो. ‘आवडली ना?’ असे त्याला विचारले जाते खरे. परंतु नको म्हणण्याचे धैर्य त्या क्षणी कोणास होणार?

विद्यार्थिमित्रांनो, हा विषय शाळेच्या वार्षिकासाठी मी निवडला याचे तुम्हांस नवल वाटेल. पण धाकट्या भावंडासाठी असले खेळणे घ्यावयास निघताना वडील मंडळी तुमच्यापैकी पुष्कळांना बरोबर नेतात, कारण ‘यातले तुला कळते’. तेव्हा दुकानात तुमच्या शब्दाला वजन असते. ते वजन कोठे टाकावे याविषयी माझे एक निश्चित मत झाले आहे, आणि ते होण्यास मला स्वतःला एक चूक करावी लागली. ती पुढे सांगेनच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. यंत्राची खेळणी मुलांना बिघडवितात, असे मानणाऱ्यांतला मी नव्हे. आमच्या लहानपणी आम्ही जोंधळ्याच्या ताटांच्या बैलगाड्या केल्या, सावंतवाडीहून आलेली लाकडी खेळणी हाताळली आणि लोखंडी कडे काठीने हाकीत साऱ्या गल्लीभर धावलो. ते कडे हाकताना जो आनंद होत असे, त्याचे मर्म एवढेच होते की, वस्तू आपल्यापासून दूर पळते आहे आणि तरीही आपले ऐकते आहे. रिमोटच्या मोटारीत मुलाला वाटणारा आनंद याच जातीचा आहे. फक्त काठीची जागा रेडिओलहरींनी घेतली आहे. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नाव अशाच लहरींनी चालवून दाखविली, तेव्हा पाहणारी मोठी माणसेही थक्क झाली होती. मग सहा वर्षांच्या मुलाने थक्क होऊ नये काय?

तेव्हा प्रश्न घ्यावी की न घ्यावी हा नसून कोणती घ्यावी हा आहे. आणि येथेच बहुतेकांची पहिली गफलत होते, ती वेगाच्या मोहाने. खोक्यावर ताशी 30 किलोमीटर असे छापलेले असते आणि वाचणारा भारावून जातो. आता थोडे गणित करू. ताशी 30 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 8 मीटरांहून थोडे अधिक. तुमच्या घरातील मोठ्यात मोठी खोली 5 मीटर लांब असेल. म्हणजे गाडी पूर्ण वेगात आली, तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाण्यास तिला एक सेकंदही पुरा लागणार नाही. एवढ्या अवधीत मुलाने काय पाहावे, काय ठरवावे आणि बोट कोणत्या कळीवर न्यावे? त्याला एवढेच कळते की, मी कळ दाबली आणि धडक झाली. याउलट सेकंदाला मीटर-दीड मीटर जाणारी गाडी घ्या. ती टेबलाच्या पायाकडे निघाली आहे हे मुलाला दिसते, वळविण्यास उशीर झाला हेही दिसते, आणि पुढच्या खेपेस तो वीतभर आधी वळवितो.

या वळविण्यात एक मौज आहे, तिच्याकडे तुम्ही कधी लक्ष दिले आहे काय? गाडी आपल्यापासून दूर जात असते, तेव्हा तिचा उजवा हात आणि आपला उजवा हात एकाच बाजूला असतो. ती परत आपल्याकडे येऊ लागली की सारे उलटते. उजवी कळ दाबली की ती आपल्या डावीकडे जाते. लहान मूल येथे पहिल्यांदा हमखास गोंधळते. मग ते काय करते ते पाहण्यासारखे असते. ते स्वतःच वळून गाडीकडे पाठ करते, मान मुरडून मागे पाहते, कधी जमिनीवर आडवे होते. आणि एखाद्या दिवशी उभ्या जागी, न हलता, गाडी सरळ आपल्या पायांशी आणून थांबविते. त्या दिवशी त्याने गाडीच्या आत बसून जग कसे दिसेल याचा विचार केलेला असतो. भूमितीच्या तासाला ज्यांना हेच पुस्तकातून शिकावे लागते, त्यांनी या मुलाचा हेवा करावा. पण यासाठी गाडी सावकाश चालली पाहिजे.

माँटेसोरीबाईंच्या पद्धतीतील साधनांचा एक विशेष असा की, चूक झाली तर ती साधनच दाखविते. शिक्षकाला बोलावे लागत नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा शिंपले, खडे, बिया अशा आसपासच्या वस्तूंपासून त्यांनी साधने तयार केली. मात्र वस्तू साधी असली तरी ती मुलाच्या हाताच्या आणि बुद्धीच्या मापाची असावी, याकडे त्यांचा कटाक्ष होता. आजचे विजेचे खेळणेही मला त्याच कसोटीवर घासून पाहावेसे वाटते.

आकाराविषयी फार लिहीत नाही. खोक्यावर 1:24 असे असेल, तर खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्शाची, म्हणजे सुमारे 16-17 सेंटिमीटर लांबीची गाडी मिळेल. 1:10 असेल तर सुमारे 40 सेंटिमीटरांची. घर लहान असेल तर लहान घ्यावी. मात्र चाके हाताने चाचपून पाहावी. आपल्याकडे चार महिने पाऊस, तेव्हा खेळ घरातच व्हावयाचा. आणि गुळगुळीत फरशीवर कडक प्लॅस्टिकची चाके नुसती घसरतात. रबरी धाव असलेली चाके बरी. घरात दोन भावंडे असतील, तर आणखी एक विचारावे. 27 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एकाच प्रकारच्या दोन गाड्या आणल्या, तर एकाच्या रिमोटने दोन्ही धावतात आणि घरात महाभारत माजते. 2.4 गिगाहर्ट्झच्या गाडीची आपल्याच रिमोटशी जोडी जुळलेली असते, म्हणून तो तंटा उद्भवत नाही.

आता माझी चूक.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मी माझ्या नातवासाठी एक लाल शर्यतीची मोटार घेतली. वर वर्णिलेल्या दुकानातील वडील आणि मामा यांच्याहून मी काही निराळा वागलो नाही. नातू तेव्हा सहा वर्षांचा. पहिल्याच दिवशी ती सोप्याच्या पायरीवर आदळली आणि तिचा पुढचा कोपरा उडाला. मी ती काढून घेतली आणि ‘नीट चालविण्याइतका मोठा झालास की देईन’ असे सांगून कपाटाच्या माथ्यावर ठेवली. पुढे ती फक्त रविवारी खाली येई, तीही मी जवळ बसलो असता. आणि खरे सांगावयाचे तर रिमोट बहुतेक वेळ माझ्याच हातात असे. हळूहळू त्याने मागणे सोडले. महाग वस्तू जपली, या समाधानात मी होतो.

गणेशचतुर्थीला चुलत भावंडे जमली, तेव्हा त्याने मोठ्या उमेदीने तिची आठवण काढली. गाडी खाली आली. चालेना. सारी मुले दुसऱ्या खेळाकडे वळली. थोड्या वेळाने पाहतो तो हा माजघराच्या कोपऱ्यात चाकूचे टोक घालून गाडीचे पोट उघडतो आहे. पाहुण्यांच्या देखत मी ओरडलो, ‘मोडलीस ना शेवटी!’ तो काही बोलला नाही. चाकू खाली ठेवून उठून गेला.

रात्री मी गाडी दिव्याखाली धरली. सेलांच्या कप्प्यावर चिकटविलेली पट्टी त्याने सोडविली होती. आतले सेल फुटून पाझरले होते. स्प्रिंगांवर पांढरा-हिरवा थर चढून त्या खाऊन गेल्या होत्या. आठ-नऊ महिने ज्याने सेल आतच राहू दिले, तो मी. मुलाने जे केले, ते वास्तविक विज्ञानाच्या शिक्षकाने करावयास हवे होते. म्हणजे यंत्र का थांबले ते आत पाहणे. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदार सौजन्याने म्हणाला, ‘सर, हे दुरुस्त होत नाही. याचे सुटे भाग येत नाहीत. दुसरी घेऊन जा.’ गाडीचे अंग एकसंध चिकटविलेले होते. स्क्रू एकही नव्हता.

आयुष्यभर मुलांना चूक कबूल करावयास शिकविले. स्वतःवर पाळी आली तेव्हा मला दोन दिवस लागले. शेवटी त्याला जवळ बोलावून म्हणालो, ‘बाळ, गाडी तू नाही मोडलीस. माझ्यामुळे ती बिघडली.’ तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘आजोबा, मग मी आता ती पुरी उघडू?’

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, दुकानात गाडी हाती घेतल्यावर आधी तिचे चालणे पाहू नये. ती उलटी करून पोट पाहावे. स्क्रू आहेत काय? आतल्या भागांपर्यंत फुलीच्या साध्या स्क्रूड्रायव्हरने पोचता येईल काय? तुटलेले दातेरी चाक किंवा मोटर वेगळी मिळते काय, हे दुकानदारास स्पष्ट विचारावे. साध्या बाजारी गाड्यांचे भाग क्वचितच मिळतात. हौशी लोकांसाठी केलेल्या गाड्यांचे मिळतात, पण त्यांची किंमत बरीच आणि वेगही लहान मुलाला न पेलणारा. म्हणून दहा वर्षांखालील मुलासाठी मी मधला मार्ग सुचवीन. गाडी स्वस्त, सावकाश चालणारी आणि स्क्रूंनी जोडलेली असावी, आणि तीत कोठेही मिळणारे पेन्सिल सेल बसावे. खेळ आठवडाभर बंद राहणार असेल, तर सेल काढून ठेवावे. जुने आणि नवे एकत्र घालू नयेत.

लिथियमची बॅटरी असलेल्या गाड्या जोमदार असतात हे खरे. परंतु 15-20 मिनिटे खेळ आणि मग तास-दोन तास चार्जिंग, हा हिशेब मुलाला आधी सांगावा. ती बॅटरी रात्रभर लावून ठेवू नये, आणि फुगलेली दिसल्यास पुन्हा वापरू नये. रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल असेल, तर त्याचे झाकण स्क्रूने बंद होणारे असल्याशिवाय ती गाडी घरात आणूच नये. असा सेल रांगत्या भावंडाने गिळला, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते; अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. खोक्यावर आयएसआय चिन्ह पाहावे. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचे झाले आहे, आणि विजेच्या खेळण्यांसाठी आयएस 15644 हे मानक आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो माझ्याच घरात आला. मुलाला स्क्रूड्रायव्हर दिला, तर तो दोन दिवसांत गाडीचे तुकडे करील. मग पैसे कशाला घालवावयाचे? आक्षेप खोटा नाही. तुकडे होतातच. प्रत्येक वेळी ते जोडले जातात असेही नाही. ज्या घरात महिनाअखेर हात आखडावा लागतो, तेथे हे बोलणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. म्हणूनच मी स्वस्त गाडी म्हणतो. दोन हजारांची गाडी कपाटावर ठेवण्यापेक्षा पाचशेंची गाडी मुलाच्या स्वाधीन करणे मला अधिक काटकसरीचे वाटते. देताना ती खरोखर देऊन टाकावी. ‘सांभाळून हं’ हे शब्द एकदाच उच्चारावे.

पुढच्या दिवाळीस आम्ही पुन्हा बाजारात गेलो. या वेळी रिमोट मी हातातच घेतला नाही. नातवाने एक पिवळी मालमोटार निवडली. ती इतकी सावकाश चालते की, मला स्वतःला ती मुळीच आवडली नव्हती. पण तिचा मागचा हौदा वर उचलतो आणि पोटाला सहा स्क्रू आहेत. पहिल्या महिन्यातच ती दोनदा उघडली गेली. एकदा जोडल्यावर एक स्क्रू शिल्लक राहिला, तो अजून माझ्या चष्म्याच्या घरात आहे. पुढे अंगणातील तांबडी माती दातेरी चाकांत जाऊन ती अडखळू लागली; ती त्याने जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने स्वच्छ केली. लाल गाडीची मोटर काढून या मालमोटारीस बसविण्याचा त्याचा उद्योग मात्र अजून सिद्धीस गेलेला नाही. मोटरीचा एक धागा तुटला आहे, आणि डाख देण्याची तार कोठे मिळते असे तो परवा मला विचारीत होता. उद्या शाळा सुटल्यावर आम्ही ती आणावयास जाणार आहो.