स्टील वितळावं लागत नाही

‘आगीनं स्टील वितळत नाही, मग इमारत पडलीच कशी?’ कॉलेजचा कुणी ना कुणी मित्र दर सप्टेंबरात हे विचारतोच. विचारणारे माझ्यासारखेच इंजिनिअर असतात, याची जास्त लाज वाटते.

स्टील साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळतं, कबूल. पण ६०० अंशांच्या आसपास त्याची निम्मी ताकद गेलेली असते, आणि ऑफिसातल्या फर्निचरची आग तिथवर सहज पोचते. शिवाय तापलेलं स्टील लांबतं. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या ४७ मजली सात नंबरच्या इमारतीवर विमान आदळलंच नव्हतं. शेजारचा टॉवर कोसळताना तिथे आगी लागल्या, त्या सुमारे सात तास धुमसल्या. २००८ चा सरकारी तपास सांगतो की लांबलेल्या बीम्सनी एक गर्डर आधारावरून ढकलला, मजले खचले, ७९ क्रमांकाचा कॉलम एकटा पडून वाकला. मग सगळंच आलं खाली.

‘पण याआधी असं कधी झालं नव्हतं!’ हे वाक्य मी ऑफिसातही ऐकतो, बहुधा सर्व्हर बसल्यावर.

आणि नंतर तर झालंच की. तेहरानची १७ मजली प्लास्को, जानेवारी २०१७. विमान नाही, काही नाही. साडेतीनेक तासांची आग. तिथे कपड्यांचे कारखाने होते, जिन्यातसुद्धा माल रचलेला. अग्निशमन दलानं व्यवस्थापनाला वारंवार बजावलं होतं. पण स्फोटकांच्या गोष्टीत जी मजा आहे, ती जिन्यातल्या गठ्ठ्यांत कुठून येणार? आग विझवायला आत गेलेले त्याच दलाचे १६ जवान ढिगाऱ्याखाली गेले.