न मागता आलेले

नवा संगणक म्हणजे कोरी पाटी, असे आपण सहज म्हणून जातो. यंत्र नुकतेच खोक्यातून निघालेले, पडद्यावरचा पातळ कागदही अजून काढलेला नाही, मग आत दुसऱ्या कुणाचे काय असणार, असा भाबडा हिशेब त्यामागे असतो. प्रत्यक्षात दुकानातून आलेला लॅपटॉप हा लिहिलेल्या वहीसारखा असतो. पानोपानी कुणीतरी आधीच काही खरडून ठेवलेले असते, आणि त्या खरडण्याच्या हक्काचे पैसेही बहुधा कुणी मोजलेले असतात.

शिरूर किंवा दौंडच्या महाविद्यालयात मराठी विषय घेऊन एम.ए. करणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. घरी उसाचे बिल जमा झाले, त्यातली काही रक्कम बाजूला निघाली, पुण्याची एक फेरी झाली आणि लॅपटॉप घरी आला. सुरू करताच तो इंटरनेट मागतो, खाते मागतो. मग उजव्या कोपऱ्यातून अँटिव्हायरसची पाटी डोकावू लागते : मुदत संपत आली, पैसे भरा, नाहीतर तुम्ही असुरक्षित आहात. कागदपत्रांचा कप्पा परस्पर कंपनीच्या दूरच्या साठ्याशी जोडला जातो. तेथे फुकट मिळणारी जागा ५ जीबी, ती भरली की पुन्हा पैशांची मागणी. लिहिण्याचे सॉफ्टवेअर पुष्कळदा चाचणीपुरते असते. मुदत उलटल्यावर लिहिलेले वाचता येते, छापता येते. त्यात बदल करता येत नाही. ज्याचा लघुप्रबंध तिसऱ्या प्रकरणापाशी थांबला आहे, त्याने या अवस्थेला काय म्हणावे? स्वतःचेच लेखन त्याला वाचक म्हणून पाहावे लागते.

हे सारे का होते, याचे उत्तर गूढ नाही. संगणक बनवणाऱ्यांचा यंत्रामागचा नफा तुटपुंजा असतो. आपले सॉफ्टवेअर आत भरून द्यावे म्हणून इतर कंपन्या त्यांना पैसे देतात. त्यामुळे यंत्राची किंमत थोडी खाली येते, आणि तो थोडा फायदा आमच्या या विद्यार्थ्यालाही मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. जाहिरातीचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. ज्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे ऋण मराठी वाङ्मयाचा इतिहास मान्य करतो, ते १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून एका कारखान्याच्या प्रचारासाठीच सुरू झाले होते. पण मासिकातली नांगराची जाहिरात वाचकाला दिसत असे, पान उलटून तिला टाळताही येत असे. शिवाय वाचक काय वाचतो आहे याची टिपणे ती घेत नसे.

यंत्रात भरलेली जाहिरात हे करू शकते. २०१४च्या सप्टेंबरपासून लेनोवो कंपनीने आपल्या काही लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाचे सॉफ्टवेअर भरून विकले. काम दिसायला क्षुल्लक : ग्राहक पाहत असलेल्या पानांत आपल्या जाहिराती घुसवणे. त्यासाठी मात्र हे सॉफ्टवेअर ग्राहक आणि बँक यांच्यामधला कुलूपबंद संवादही मध्येच उघडू शकत होते, आणि त्याची किल्ली सर्व यंत्रांत एकच होती. ती एकाच्या हाती लागली की साऱ्यांची कुलपे उघडी. २०१५च्या फेब्रुवारीत हा प्रकार गाजला. सॉफ्टवेअर नेहमीच्या रीतीने काढून टाकले तरी त्याने पेरलेले विश्वासपत्र यंत्रात मागे राहत होते, ही त्यातली आम्हांला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट. अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी कंपनीची तडजोड व्हायला २०१७ उजाडले.

आता या भरगच्च यंत्रात मराठी शोधावी. ती असते, नाही असे नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक फार वर्षांपासून आहे आणि २०१९पासून रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटवणाराही आहे. दोन्हींना वेगळा पैसा पडत नाही. पण ती सुरू करावी लागते : सेटिंग्जमध्ये जाऊन, भाषांच्या यादीतून निवडून, कळफलक जोडून. जे कुणी मागितले नव्हते ते दारात हजर, आणि जे हवे ते माळ्यावर. माळ्यावर आहे हे कुणी सांगितलेच नाही, तर मुलगा मोबाइलवर रोमन लिपीत मराठी लिहीत राहतो आणि प्रबंध डीटीपीवाल्याकडे टाकतो. तेथे तो बऱ्याचदा एखाद्या जुन्या टंकात छापला जातो. छापील पान देखणे निघते, पण दुसऱ्या यंत्रावर तीच फाइल उघडली की अक्षरांची भेळ. पुढे त्या प्रबंधात एखादा शब्द शोधणेही अशक्य होते.

अक्षरांच्या वळणापर्यंत ही गोष्ट जाते. यंत्रासोबत येणाऱ्या नेहमीच्या देवनागरी टंकांत ‘ल’ आणि ‘श’ सामान्यतः हिंदी वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीसाठी प्रमाण ठरवले. निर्णयाला वर्षे लोटली, तरी शाळेत शिकलेले अक्षर पडद्यावर दिसावे म्हणून वेगळा टंक शोधून बसवावा लागतो. आणि न्हावरे हे गावाचे नाव रोमन अक्षरांत लिहिले की खाली तांबडी नागमोडी रेघ उमटते, जणू गावच चुकले. यंत्रात आधीच बसवलेला शब्दकोश आपल्याविषयी काहीतरी बोलत असतो. आपण ऐकत नाही इतकेच.

साहित्याच्या अभ्यासकाला हा अनुभव खरे तर नवा नसावा. भाषाही आपल्या हाती कोरी येत नाही. तिच्यातल्या शब्दांना आधीचे अर्थ, आधीच्या निष्ठा चिकटलेल्या असतात. याचे अत्यंत टोकाचे भान ज्या लेखिकेने दाखवले, ती याच दौंड तालुक्यातल्या केडगावची. पंडिता रमाबाईंनी मुक्तिमिशनमध्ये राहून हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी सामान्य बाईला कळत नाही, ही त्यांची एक तक्रार. दुसरी अधिक खोल होती : हिंदू धर्मकल्पना पोटात घेऊन आलेले शब्द त्यांना त्या ग्रंथात नको होते. म्हणून शब्द पारखून, नको ते बाजूला सारून त्यांनी सारा ग्रंथ नव्याने रचला. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासूनची कामे तेथल्या स्त्रियाच करीत. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. तो फारसा प्रचारात आला नाही. शब्दाला चिकटलेला इतिहास पूर्ण धुऊन काढता येतो का, हा प्रश्न उरतोच, आणि आमच्या मते तो येत नाही. रमाबाईंच्या हेतूशी कुणाचे जमेल, कुणाचे जमणार नाही. पण त्यांना काय ठेवायचे आणि काय काढायचे हे ठाऊक होते, कारण आत काय आहे ते त्यांनी आधी वर्षानुवर्षे पाहिले होते.

आम्ही मराठीच्या शिक्षकांकडून मागतो ते इतकेच पाहणे. पूर्ण कोरे यंत्र मिळणार नाही, त्याचा हट्टही नको. संपादक हस्तलिखित हातात घेतो तशा वृत्तीने पहिल्या दिवशी बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी उघडावी आणि ओळीने वाचावी. चाचणीचा अँटिव्हायरस काढला म्हणून यंत्र उघडे पडत नाही. विंडोजचे स्वतःचे संरक्षण त्याची जागा घेते. खेळ, खरेदीची दुकाने, चाचणीपुरती आलेली साधने निःशंक काढावीत. ड्रायव्हर आणि कंपनीचे अद्ययावतीकरणाचे साधन यांना हात लावू नये. अर्थ कळत नाही म्हणून ओळ गाळणारा संपादक पाठ बिघडवतो. दूरच्या साठ्याशी असलेली जोडणी तोडण्याआधी आपले लेखन पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे, मगच पुढचे पाऊल. यंत्र ‘रीसेट’ केल्याने सुटका होईलच असे नाही, कारण कित्येकदा त्या वाटेने सारा जुना माल परत येतो. ज्याला मुळापासून साफ करायचे आहे त्याने मायक्रोसॉफ्टकडून थेट मिळणारी प्रत नव्याने बसवावी. अलीकडच्या यंत्रांत परवान्याची किल्ली यंत्रातच कोरलेली असते, ती पुन्हा विकत घ्यावी लागत नाही. लिहिण्यासाठी लिबरऑफिस फुकट आहे आणि त्याला मुदत नाही. आणि ही सारी काढघाल होण्याआधी मराठी कळफलक जोडावा. तासाभराचे काम आहे. साहित्यप्रकारांच्या व्याख्या उतरवून घेण्यात जातो त्यापेक्षा हा तास वाया गेला, असे कुणी म्हणू नये.

संगणकावर निदान हे काढता तरी येते. फोनचे तसे नाही, आणि आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांचा संगणक म्हणजे फोनच. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा आधीच भरलेली ॲप वापरणाऱ्याला काढता यावीत असाही आदेश दिला होता. अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला आणि नेमका हा आदेश रद्द केला. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत दंडाचा आकडा आला. ज्या कलमाशी आपला रोजचा संबंध, ते आतल्या पानांत राहिले.

ही हौस केवळ कंपन्यांना असते असेही नाही. प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच भरलेले असावे आणि त्याच्या सुविधा बंद वा मर्यादित करू नयेत, असा आदेश दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी काढला. चोरीचे फोन शोधणे, फसवणूक रोखणे हा हेतू सांगितला गेला, आणि तो हेतू वाईट म्हणता येणार नाही. देशभर ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. शब्दांत दडलेल्या सत्तेविषयी आपण वर्गावर्गांत शिकवतो. त्या आठवड्यात आपल्या किती मराठी विभागांत हा विषय निघाला, हे विचारण्याची आम्हांला फार इच्छा आहे.