जर्मन शिकताय? मग व्हर्निअरही धरायला शिका!

निकाल लागले की पुण्यात फॉरेन लँग्वेजच्या क्लासेसचे फ्लेक्स लागतात. मुलं जातात, आईबाप फी भरतात. ए-१, ए-२ झालं की पोरं विचारतात, ट्रान्सलेशनचं काम कुठे मिळेल? खरं सांगायचं तर, एवढ्यावर मिळत नाही. तेवढं भाषांतर आता मोबाईलमधलं ॲप करतं, आणि फुकट करतं.

म्हणजे धंद्यात भाषांतराला मागणी नाही का? आहे की, आणि दारातच आहे. चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यात जर्मन आणि जपानी कंपन्या आहेत, त्यांना माल पुरवणारे आपले व्हेंडर आहेत. ड्रॉइंग, मॅन्युअल, ऑडिट रिपोर्ट, करार, सगळं दोन भाषांत फिरतं. 'इंग्रजीवर भागतं' हा आपला गोड गैरसमज. युरोपियन युनियनच्या अधिकृत भाषा २४ आहेत. तिथे मशीन विकायचं तर ज्या देशात विकणार तिथल्या भाषेत सूचनापुस्तिका द्यावी लागते. भोसरीतल्या छोट्या कारखानदाराला पोलंडची ऑर्डर मिळाली की त्याला पोलिश लागणारच.

आता चूक कुठे होते ते बघा. जर्मन लोक दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. ड्रॉइंगवर १,५०० मिमी असेल तर ते दीड मिलिमीटर. आपला माणूस वाचणार दीड मीटर! जपानी माणूस दहा हजाराच्या टप्प्याने मोजतो. 'मान' म्हणजे १० हजार, 'ओकु' म्हणजे १० कोटी. आपलं लाख-कोटी, इंग्रजीचं मिलियन आणि त्यांचं मान-ओकु, या तिढ्यात कोटेशनमधलं एक शून्य सरकलं की वर्षाचा नफा गेला. मिटिंगमध्ये जपानी साहेब 'केन्तो शिमासु' म्हणतो. शब्दशः, 'विचार करतो'. पुष्कळदा तो नम्र नकार असतो. आपल्याकडे मुलगी बघून गेलेली मंडळी 'कळवतो' म्हणतात ना, तसंच. नवखा दुभाषा 'वुई विल कन्सिडर' सांगून मोकळा होतो आणि इकडे मालक मशीन बुक करून बसतो.

ही जबाबदारी ॲप घेत नाही. माणूस घेतो. पण त्या माणसाला टॉलरन्स म्हणजे काय, जिग-फिक्स्चर म्हणजे काय, हे माहीत हवं. गोची इथेच आहे. आपण भाषा शिकवतो कला शाखेत आणि मशीन शिकवतो आयटीआय-पॉलिटेक्निकमध्ये. दोघांची गाठच पडत नाही. राज्य सरकारने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात जर्मन शिकवणंही आलं. चांगलंच आहे. पण ती तयारी जाणाऱ्यांची. इथे राहून दोन्ही बाजू सांभाळणारी पोरं कोण तयार करणार?

जपानीच्या बाबतीत तर आपल्याला थोडा फायदा आहे. क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय शब्दाच्या मागून लागतात, अगदी मराठीसारखं. कांजी मात्र घाम काढते, त्याला इलाज नाही. परीक्षेच्या पायऱ्या एन-५ ते एन-१. व्यवसायाच्या भाषांतरात एन-२ च्या खाली फारसं कोणी विचारत नाही, आणि तिथे पोचायला काही वर्षं जातात. फ्लेक्सवर हे लिहिलेलं नसतं.

कंपन्यांनाही एक सांगायचंय. 'ॲपने करून ठेवलंय, फक्त नजर टाका' म्हणत निम्म्या दरात काम मागायचं बंद करा. ॲपचं भाषांतर वाचायला गुळगुळीत असतं, म्हणून तर त्यातली चूक सापडायला जास्त वेळ लागतो. लाखोंच्या मोल्डवर खर्च करता आणि त्याच्या मॅन्युअलच्या भाषांतराला शब्दामागे चार आणे कमी करा म्हणता?

पालकांनो, फी भरण्याआधी क्लासवाल्यांना एवढंच विचारा: शिकवणाऱ्याने स्वतः एखाद्या कारखान्याचं मॅन्युअल भाषांतरित केलंय का?