भेट नको, भाव उघडा करा



दसरा-दिवाळीच्या तोंडावर कापसाची पहिली वेचणी घरात येते, आणि त्याच सुमारास तालुक्याच्या गावी मैदानात मांडव पडतो. मांडवात धुऊनपुसून उभ्या केलेल्या जुन्या जीपा, मोटारी, पिकअप. प्रत्येकीच्या काचेवर मोठ्या अक्षरात कागद: मिक्सर फुकट, विमा फुकट, नाव चढवून देणे फुकट, आणि वर सोडतीचे कूपन. सगळे लिहिलेले असते. फक्त गाडीची किंमत तेवढी लिहिलेली नसते. त्यासाठी आत टेबलापाशी जाऊन बसावे लागते.

जुनी गाडी घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. बैलजोडी सांभाळणे परवडेनासे झाले, एसटीचा भरवसा नाही, रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे तर दारात गाडी लागते. नवी घेण्याची ऐपत नाही म्हणून माणूस जुनी घेतो, यात गैर काही नाही. विकणाऱ्याने नफा मिळवावा, यालाही आमची हरकत नाही. आम्ही स्वतः बाजारात माल विकणारी माणसे आहोत. आमचे भांडण गाडीशी नाही, नफ्याशी नाही. ते काचेवरच्या त्या कागदाशी आहे.

फुकट देतो कोण?

दुकानदाराने एक गाडी २ लाख ४० हजारांना घेतली असे समजा. रंग, डेंटिंग, टायर यांवर २० हजार घातले. ३ लाख ६० हजार किंमत सांगितली. मधल्या १ लाखात त्याची जागा, नोकर, व्याज आणि नफा आला. आता त्याच १ लाखातून १५ हजारांचा मिक्सर, विमा आणि कूपन दिले, तर ते कोणाच्या खिशातून गेले? गाडी घेणाऱ्याच्याच. हेच १५ हजार किमतीतून कमी करा म्हटले की विकणाऱ्याचा चेहरा बदलतो. कारण भाव कमी केला तर तो चार लोकांना कळतो, आणि पुढचा गिऱ्हाईक तिथूनच बोलणी सुरू करतो. भेट दिली तर भाव झाकलेला राहतो. भेटीचे खरे काम एवढेच, किमतीवर पांघरूण घालणे. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

आता हीच गोष्ट उलट बाजूने पाहा. आम्ही कापूस घेऊन जातो तेव्हा आमच्या गाडीवर कूपन असते काय? क्विंटलमागे कडता जातो, हमाली जाते, तोलाई जाते, रोख चुकारा हवा असेल तर टक्का-दोन टक्के कापले जातात. म्हणजे विकताना फुकट द्यायचे ते आम्ही, आणि घेताना फुकटाचे पैसे भरायचे तेही आम्ही. दोन्ही वेळा फुकट हा शब्द आहे आणि दोन्ही वेळा खिसा एकाचाच आहे.

माणसांनाही भेट असते

काचेवरची भेट आपल्याला दिसते. दुसरी भेट दिसत नाही. मांडवात गोड बोलणाऱ्या पोराला महिन्याला गाड्यांचा आकडा ठरवून दिलेला असतो. आकडा गाठला तर गाडीमागे इन्सेन्टिव्ह, नाही गाठला तर तुटपुंजा पगार. महिनाअखेरीला तो जास्त गोड बोलतो त्याचे कारण हे. कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटाला फायनान्स कंपनीकडून कमिशन असते. गावातला ओळखीचा माणूस "चल, मी स्वस्तात देतो" म्हणून नेतो, त्यालाही गिऱ्हाईक आणल्याचे काही मिळते. गाडी पारखायला आपण ज्या मिस्त्रीला सोबत नेतो त्यालाही मागच्या दाराने दलाली देण्याची रीत काही ठिकाणी आहे. सगळे मिस्त्री तसे नाहीत. पण ज्याचे पोट सौदा होण्यावर आहे तो सौदा मोडा असे का सांगेल? म्हणून मिस्त्री आपण निवडावा, त्याची मजुरी आपण द्यावी, आणि तीही गाडी घेतली काय नि न घेतली काय, दोन्ही वेळा सारखीच द्यावी.

मिक्सर तीन हजारांचा, शब्द पन्नास हजारांचा

यातली सगळ्यात महाग भेट म्हणजे "बारा टक्क्यांत कर्ज". वरच्या गाडीसाठी ६० हजार रोख भरले आणि ३ लाख कर्ज काढले, तीन वर्षांसाठी. एजंट सांगतो, बारा टक्के फ्लॅट. म्हणजे दरसाल ३६ हजार, तीन वर्षांचे १ लाख ८ हजार व्याज. महिन्याचा हप्ता ११ हजार ३३३.

आता नीट बघा. पहिल्या महिन्यापासून आपण मुद्दल फेडत असतो, पण फ्लॅट दरात शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज पूर्ण ३ लाखांवरच मोजतात. घटत्या शिलकीवर खरोखर बारा टक्क्यांनी कर्ज असते, तर हप्ता ९ हजार ९६४ आला असता आणि तीन वर्षांचे व्याज ५९ हजारांच्या आत राहिले असते. फरक ४९ हजारांहून जास्त. सांगितलेल्या बारा टक्क्यांचा खरा दर २१ टक्क्यांवर जातो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. तो पूर्ण मिळाला असे धरले तरी ४९ हजार म्हणजे सहा क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात तो किती एकरांतून निघतो, ज्याने त्याने आपल्या सातबाऱ्यासमोर बसून मोजावे. एका "फ्लॅट" शब्दासाठी सहा क्विंटल, आणि बदल्यात एक मिक्सर!

शिवाय हप्ता महिन्याचा आणि आमची कमाई वर्षाची. कापूस-ज्वारीचा पैसा दिवाळी ते होळी येतो. हप्ता आषाढ-श्रावणातही येतो, जेव्हा बी-खत आणि निंदण-खुरपणीत घर रिकामे झालेले असते. दोन-तीन हप्ते थकले की दंड चढतो, वसुलीची माणसे येतात, गाडी ओढून नेतात. भरलेले पैसे गेले ते गेलेच. ओढून नेलेली ती गाडी धुऊनपुसून पुन्हा अशाच एखाद्या मांडवात उभी राहते, काचेवर नवे कूपन घेऊन, दुसऱ्या गावच्या शेतकऱ्यासाठी. एकच गाडी, दोन घरे बुडाली, आणि दोन्ही घरांत एकेक मिक्सर.

बैलाचे दात आणि गाडीचे मीटर

बैलबाजारात आम्ही दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. बैलाचे दात कोणाला मागे फिरवता येत नाहीत. गाडीचे मीटर फिरवता येते. अपघातात वाकलेली चासी रंगाखाली लपते. गाडीचे खरे दुखणे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते.

यावर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली निबंध लिहिला, आणि उदाहरण घेतले ते जुन्या मोटारींच्याच बाजाराचे. चांगली गाडी कोणती, खराब कोणती हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल तर तो मधलाच भाव देतो. मधल्या भावात चांगल्या गाडीवाल्याचे नुकसान, म्हणून तो बाजारातून निघून जातो. उरतात त्या खराब गाड्या. अकरलॉफ यांना २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, पण कापूस उत्पादकाला ही गोष्ट सांगायला नोबेलवाला कशाला हवा? जिथे प्रतवारी उघडपणे होत नाही तिथे स्वच्छ वेचलेला कापूस आणि कवडी मिसळलेला कापूस एकाच भावाने जातो, आणि मग स्वच्छ वेचणारा वेडा ठरतो. झाकलेल्या बाजारात चांगल्या मालाचा नेहमी बळी जातो.

चांगली गाडी विकणाऱ्याने काय करावे? गाडीची हमी लिहून द्यावी. इंजिन-गिअरबॉक्सची सहा महिने जबाबदारी कागदावर घ्यावी. जो हमी देत नाही आणि मिक्सर देतो, त्याने आपल्या गाडीबद्दल बरेच काही सांगून टाकलेले असते. अमेरिकेत १९८५ पासून जुनी मोटार विकणाऱ्या दुकानदाराला गाडीच्या काचेवर कागद लावावा लागतो: हमी आहे की आहे तशी विकतो आहे, हे त्यावर लिहिलेले असते. काच तीच. तिथे तिच्यावर जबाबदारी लिहावी लागते, इथे भेट लिहिली जाते.

"नाव चढवणे फुकट"

या भेटीपासून तर विशेष जपा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विम्यावर नाव बदलून घेण्यासाठी घेणाऱ्याला १४ दिवस आहेत. "आम्ही बघतो" म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या जातात, आणि ते फॉर्म टेबलाच्या खणात पडून राहतात.

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देणाऱ्यांनी तर हे पक्के लक्षात ठेवावे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात गाडी हातोहात विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघात झाला. नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. वीस हजारांचा एक्स्चेंज बोनस घेऊन आलात आणि नाव उतरले नाही, तर ती गाडी पुढे कोणाच्याही अंगावर जावो, नोटीस तुमच्या दारात येईल.

परराज्यातल्या पाटीची स्वस्त गाडी दिसली तरी थांबा. हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, २०२५ मध्ये ती सैल झाली. या काळात तिकडच्या कितीतरी गाड्या ना-हरकत घेऊन इतर राज्यांत उतरल्या. अशी गाडी बारा महिन्यांवर इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. तो कोणत्याच भेटीत बसत नाही.

कायदा आहे, वापरणारा हवा

ज्या वस्तूची किंमत सौद्यात पूर्ण किंवा थोडीही वसूल केली आहे ती फुकट दिल्याचा भास निर्माण करणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. विक्री वाढवण्यासाठी सोडत काढणेही त्यातच येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावे असा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने मुख्य तथ्य विवरण सक्तीचे केले आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो, आणि तो कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा लागतो. आणि डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवर सरसकट १८ टक्के कर ठरवला, तोही विक्रेत्याच्या फरकावर. म्हणजे गाडी केवढ्याला घेतली आणि केवढ्याला विकली, हे दुकानदार सरकारला सांगतो. पैसे भरणाऱ्याला मात्र कूपन खरवडायला सांगतो!

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही हा ठराव ठेवतो.

एक: भेट नाकारून तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागायची, आणि किंमत कागदावर लिहून घ्यायची.

दोन: अधिकृतता प्रमाणपत्र भिंतीवर नसलेल्या मांडवात सौदा करायचा नाही.

तीन: कर्जाचे मुख्य तथ्य विवरण मराठीत हातात पडल्याशिवाय सही नाही. हप्ते पिकाच्या पैशाच्या वेळेला बांधून मागायचे.

चार: कोऱ्या फॉर्मवर सही नाही. जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचा फायनान्स कंपनीचा कागद पाहिल्याशिवाय इसार नाही. नाव चढेपर्यंत काही रक्कम आपल्या हातात राखायची.

पाच: प्रत्येक तालुक्यात दोन कार्यकर्ते नेमायचे, एक हिशेब जाणणारा आणि एक गाडी जाणणारा. गावातल्या कोणालाही गाडी घ्यायची असेल तर त्यांनी सोबत जायचे. दलाली घ्यायची नाही, चहासुद्धा आपल्या पैशाने प्यायचा.

कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसणारे आपण, आपल्याच पैशाचा भाव विचारायला टेबलापाशी लाजतो, हे आता पुरे झाले. एकट्याने विचारले तर एजंट हसतो. गावातल्या दहाजणांनी एकाच दिवशी जाऊन "मिक्सर ठेवून घ्या, किंमत लिहा" असे म्हटले, तर काचेवरचा कागद बदलावाच लागेल. यंदाच्या दसऱ्याआधी हे प्रत्येक तालुक्यात एकदा करून पाहू. ठराव मान्य असेल त्यांनी बैठकीत हात वर करावा, आणि मांडवात गेल्यावर तो खाली करू नये.