छोटा बँड, मोठ्या नोकऱ्या

परवा ताईचा फोन आला. भाचा यंदा दहावीला आहे. त्यानं आणि सोसायटीतल्या तीन पोरांनी मिळून म्हणे बँड काढलाय. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी तालीम चालते. ताई म्हणाली, "तू त्याचा पीएचडीवाला मामा. तुझं ऐकेल तो. त्याला सांग, आधी करिअर कर, मग काय वाजवायचं ते वाजव." मी "बरं" म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर आठवलं, हेच वाक्य मलाही दहावीतच ऐकवलं होतं. मी आज्ञाधारक. तबल्याची प्रवेशिका पूर्ण झाली होती, पण तबला-डग्गा जुन्या चादरीत बांधून माळ्यावर गेले. पुढे करिअर झालं. तबला अजून माळ्यावरच आहे.

म्हणून भाच्याशी बोलण्याआधी तुम्हाला एका बँडची गोष्ट सांगतो. नाव 'हेवनली'. इथे इंग्लंडमध्येसुद्धा बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसतं. मला कळलं ते आमच्या लॅबमधल्या एका बुजुर्ग तंत्रज्ञामुळे. सोल्डरिंग करताना त्याला यांचीच गाणी लागतात. प्रकार 'इंडी पॉप'. इंडी म्हणजे इंडियन नव्हे (मीही आधी तसंच समजलो होतो!), इंडिपेंडंट. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला न जाता आपली रेकॉर्ड आपण किंवा आपल्यासारख्याच कुणी काढायची.

सुरुवात ऑक्सफर्डमधली. १९८६ मध्ये अमीलिया फ्लेचर आणि मित्रमंडळींनी 'टलूला गॉश' नावाचा बँड काढला, तो दोनेक वर्षांत मोडला. त्यातूनच १९८९ मध्ये हेवनली उभा राहिला. गायला आणि गिटारला अमीलिया, ड्रम्सवर तिचा भाऊ मॅथ्यू, गिटारवर पीटर मॉमचिलॉफ, बेसवर रॉब पर्सी. पहिल्या अल्बमनंतर कीबोर्ड आणि दुसऱ्या आवाजासाठी कॅथी रॉजर्स आली. १९९१ ते १९९६ या काळात चार अल्बम आणि मोजकी सिंगल्स, एवढाच त्यांचा तेव्हाचा पसारा.

पहिले तीन अल्बम काढले ब्रिस्टलच्या 'सेरा रेकॉर्ड्स'नं. ही कंपनीही अफलातून. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी १९८७ मध्ये सुरू केली आणि १९९५ मध्ये शंभराव्या क्रमांकावर पोचल्यावर स्वतःहून बंद केली. पन्नासावा क्रमांक रेकॉर्ड नव्हतीच, तो पट मांडून खेळायचा खेळ होता. धंदा वाढवणं हा जिथे उद्देशच नव्हता, तिथे तो वाढला नाही म्हणून रडणार कोण?

गाणी ऐकायला अगदी हलकीफुलकी. खळखळती गिटार, दोन मुलींचे एकमेकींत गुंतलेले आवाज, तीनेक मिनिटांत खेळ खलास. ब्रिटिश संगीत पत्रकारांनी तेव्हा 'बाळबोध' म्हणून भरपूर टिंगल केली. पण १९९३ च्या 'हार्ट्स अँड क्रॉसेस' या गाण्यात ओळखीच्या मुलानं मुलीवर केलेला बलात्कार आहे, आणि चाल मात्र उड्या मारणारी. मी आधी दोनदा नुसतीच मान डोलवली. तिसऱ्यांदा शब्द कळले आणि हातातलं काम थांबलं.

आता ताईच्या लाडक्या मुद्द्याकडे येऊ. करिअर. या मंडळींनी काय केलं? अमीलियानं ऑक्सफर्डमधून अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली. २००१ ते २०१३ ती ब्रिटनच्या 'ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग'ची मुख्य अर्थशास्त्रज्ञ होती, म्हणजे बड्या कंपन्यांच्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यात. पुढे विद्यापीठात प्राध्यापक झाली. पीटर ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांचा संपादक झाला. कॅथीनं टीव्हीवर 'स्क्रॅपहीप चॅलेंज' आणलं. त्यात दोन संघ भंगारातून दिवसभरात यंत्र उभं करायचे. आम्हा इंजिनियरांचं ते दैवतच! टलूला गॉशमधल्या एलिझाबेथ प्राइसला २०१२ मध्ये कलाक्षेत्रातलं मानाचं टर्नर पारितोषिक मिळालं. गाण्यापायी यातल्या कुणाचं आयुष्य वाया गेलं, हे ताईनं मला दाखवून द्यावं. मी डॉक्टरेट करताना नुसती डॉक्टरेटच केली, तरी ती वेळेत झाली नाही, ही गोष्ट वेगळी.

पण थांबा. सगळं गोडगोड सांगून फसवणार नाही. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये इथल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाची फी नव्हती, वर खर्चाला सरकारी अनुदान मिळे. त्या निर्धास्तपणावर अशी गाणी फुलली. कर्ज काढून क्लासची फी भरणाऱ्या आईबापांना 'बघा, ऑक्सफर्डवाले कसे वाजवतात' म्हणून सुनावणं हा शुद्ध आगाऊपणा होईल. ताईची काळजी खोटी नाही.

आणि या बँडच्या गोष्टीत एक जागा अशी आहे, जिथे करिअर आणि छंद हे दोन्ही शब्द तोकडे पडतात. १९९६ मध्ये, चौथा अल्बम यायच्या आधी, मॅथ्यूनं आत्महत्या केली. उरलेल्यांनी अल्बम येऊ दिला, पण हेवनली हे नाव मिटून ठेवलं. वाजवणं मात्र सोडलं नाही. पुढच्या वर्षी त्याच चौघांनी दुसरा ड्रमर घेऊन 'मरीन रिसर्च' नावानं सुरुवात केली. अमीलिया आणि रॉब त्यानंतरही नवनव्या नावांनी वाजवत राहिले. त्यांनी स्वतःची छोटी कंपनी काढली आणि २०२२ पासून जुने अल्बम पुन्हा बाजारात आणले. २०२३ मध्ये लंडनमध्ये हेवनली पुन्हा मंचावर उभा राहिला. सत्तावीस वर्षांनी. चार अल्बमांसाठी कुणी इतकी वर्षं वाट बघतं? बघतात.

आपल्याकडे हे नवीन आहे असंही नाही. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ राहूनच 'घाशीराम' करत होते. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम, यावर आपली प्रायोगिक रंगभूमी जगली. मग 'आधी' आणि 'मग' हे दोन शब्द आपल्या घरात शिरले कधी? माझा अनुभव सांगतो. 'मग' कधी येत नाही. नोकरी लागल्यावर व्हिसा येतो, व्हिसानंतर घराचा हप्ता येतो. आणि बोटं तोवर विसरलेली असतात.

असो. रविवारी भाच्याला फोन केला. आठवड्यातून एक संध्याकाळ तालीम, बाकी दिवस गणित, असा तह ताईबरोबर ठरवून दिला. मग हेवनलीचं एक गाणं ऐकवलं. त्यानं विचारलं, "मामा, हे फेमस आहेत?"

म्हटलं, "नाहीत रे."

"मग अजून वाजवतात कशाला?"

उत्तर देण्याआधीच पोरगं म्हणालं, "परत लाव ना."

ताईला मात्र अजून सांगितलेलं नाही की डिसेंबरात आलो की पहिलं काम माळ्यावर चढायचं आहे.